वेळ नाही? मग बहुवर्षायू लावा!

‘वेळ नाही’ हे आपल्या कॉलेजचं अनधिकृत बोधवाक्य आहे. सबमिशनला वेळ नाही, नाश्त्याला वेळ नाही, घरी फोन करायला वेळ नाही. (मॅच बघायला मात्र वेळ असतो, पण तो विषय वेगळा!) सर-मॅडमना विचारा, त्यांनाही वेळ नाही. लेक्चर्स, पेपर तपासणी, कमिटीच्या फायली आणि वर स्वतःची पीएच.डी. घरी आई-बाबांनाही वेळ नाही. थोडक्यात काय, तर वेळ नावाचा माल बाजारातून गायब झालेला आहे.

या ‘वेळ नाही’चा एक बळी मात्र आपल्या लक्षात येत नाही. तो म्हणजे घरापुढची किंवा घरामागची चार हात माती. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आपल्या गल्लीतून एक चक्कर मारा. लहानपणी जिथे जास्वंद होती, अळू होतं, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ होती, तिथे आता काय आहे? कोबा, शहाबादी फरशी, नाहीतर रंगीत पेव्हर ब्लॉक. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, “बघणार कोण? पोरं बाहेरगावी, आम्हाला वेळ होत नाही.” आणि गंमत म्हणजे कोबा करण्याचा सल्ला बऱ्याचदा त्या बाहेरगावच्या पोरांनीच फोनवरून दिलेला असतो. म्हणजे आपणच!

तर मित्रहो, या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. ज्याला वेळ नाही त्याने बाग बंद करू नये, बागेचा प्रकार बदलावा. हंगामी रोपांचा नाद कमी करावा आणि दर पावसाळ्यात एक-दोन बहुवर्षायू झाडं मातीत लावावीत. एक-दोनच. त्याहून जास्त नाहीत. हा आकडा हवेतून आलेला नाही, त्यामागे इंजिनिअरिंग आहे. ते पुढे सांगतो.

आधी शब्दाचा अर्थ. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वार्षिक, द्विवार्षिक आणि बहुवार्षिक असे वनस्पतींचे प्रकार होते. ते आपण पाठ केले आणि परीक्षेत लिहून विसरलो. वार्षिक म्हणजे एका हंगामात उगवणारं, फुलणारं, बी धरणारं आणि मरणारं. झेंडू, अ‍ॅस्टर, झिनिया आणि आपला तेरडा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. बहुवार्षिक किंवा बहुवर्षायू म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं. जास्वंद, मोगरा, जाई, जुई, अनंत, तगर, सोनटक्का, कडीपत्ता, गवती चहा, शेवगा, तोंडलीचा वेल, कोरफड हे सगळे या पंगतीतले. यातली काही बारमाही हिरवी असतात. काही चक्क रजेवर जातात. मे फ्लॉवरचा कंद हिवाळ्यात जमिनीखाली झोपतो, तुम्हाला वाटतं मेला, आणि मे महिन्यात मातीतून एक लाल चेंडू वर येतो. भुईचाफ्याचं तर आणखीच उलटं. उन्हाळ्यात पानांचा पत्ता नसताना जमिनीतून थेट फूल! ज्याला रोज बघायला वेळ नाही त्याच्यासाठी याहून सोयीचं झाड कुठलं?

आता इंजिनिअरिंग. रिलायबिलिटी शिकताना सगळ्यांनी ‘बाथटब कर्व्ह’ काढलेला असतो. (निदान मागच्या बाकावरून तरी काढलेला असतो.) यंत्र नवं असताना बिघाडाचं प्रमाण जास्त, मग मधला मोठा काळ शांत, आणि म्हातारपणी पुन्हा बिघाड वाढतात. आकृती न्हाणीघरातल्या टबासारखी. बहुवर्षायू झाडाचा आलेख अगदी असाच असतो. पहिल्या वर्षी त्याच्या जिवाला हजार धोके. मुळं वरवर असतात, पाणी साचलं तर कुजतात, चार दिवस पाणी चुकलं तर वाळतात, शेळी येते, शेजारचा क्रिकेटचा बॉल येतो, आणि पहिला उन्हाळा तर फायनल व्हायव्हाच! त्यातून एकदा झाड पार पडलं की मुळं खोल जातात आणि मग ते तुमच्याकडे फारसं काही मागत नाही.

हंगामी रोपांचा आलेख बघा. तिथे मधला शांत काळ येतच नाही. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बी, पुन्हा रोपं, पुन्हा रोजचं पाणी. म्हणजे कायमचं फर्स्ट इयर! हंगामी बागेत रनिंग कॉस्ट संपत नाही. बहुवर्षायू बागेत कॅपिटल कॉस्ट एकदाच, मग किरकोळ मेंटेनन्स.

आणि म्हणूनच ‘एक-दोनच’. आपल्याकडे वेळ थोडा आहे, म्हणजे बाल्यावस्थेतली, धोक्याच्या काळातली झाडं एका वेळी थोडीच सांभाळता येतील. नर्सरीत जाऊन एकदम पंधरा रोपं आणली तर पंधराच्या पंधरा पहिल्या वर्षात असतात. त्यांना रोज बघावं लागतं, ते होत नाही, मार्चपर्यंत दहा मरतात, आणि माणूस म्हणतो, “आपल्या हाताला गुण नाही.” हाताचा काही दोष नसतो, लोडिंग चुकलेलं असतं. त्याऐवजी दर पावसाळ्यात दोन लावा. दोघांना मिळून आठवड्याचा अर्धा तास पुरतो. त्यातलं एक मेलं असं धरा, हा आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी. तरी दहा वर्षांत दहा जुनी, भक्कम झाडं होतात आणि कोणत्याही वर्षी काळजीची झाडं दोनच असतात.

हे गणित मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, आमच्या घरी ते रोज दिसतं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, बार्शीकडे. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी असं चक्र गेली वीस वर्षं चालू आहे. वडील एस.टी.त, त्यांचा मुक्काम एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. तरीही घरामागे कडीपत्ता आहे, दोन रंगांची जास्वंद आहे, मोगरा आहे, शेवगा आहे, गवती चहाचे गड्डे आहेत, पांढरी कण्हेर आहे. आईला कुणी विचारलं की एवढ्या ड्युटीत हे जमतं कसं, तर ती म्हणते, “मी कुठं काय करते? एका पावसाळ्याला दोन लावते. जगलं तर जगलं.” बाथटब कर्व्ह तिने कधी बघितलेला नाही. पण नवीन दोन झाडांना पहिल्या उन्हाळ्यात ती दवाखान्यातल्या नव्या पेशंटसारखं जपते. आणि जुन्यांना? जुन्यांकडे ती बघतसुद्धा नाही. फक्त तोडायला जाते.

आता करायचं कसं, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. आपल्याकडे पाऊस हाच फुकटचा माळी. मृग लागून दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, माती वीतभर ओली झाली, की लावायचं. ढगाळ दिवस बघा, नाहीतर संध्याकाळी लावा. पुढचे तीन-चार महिने पाणी घालायचं काम निसर्ग करतो आणि तेवढ्यात मुळं धरतात. दिवाळीत लावलेलं झाड लगेच उन्हाळ्याच्या तोंडी जातं, तिथे तुमची ड्युटी वाढते. परीक्षा आटोपून जूनमध्ये घरी जाणाऱ्या पोरांसाठी हे वेळापत्रक जणू बनवूनच ठेवलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे खड्डा. सिव्हिलवाल्यांना काळी माती माहीत आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, फाउंडेशनला ताप देते. झाडालाही देते. काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात छान खत-माती भरली तर पावसाळ्यात तो खराखुरा बाथटब होतो. पाणी आत जातं, बाहेर जायला वाट नसते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड भर पावसात मरतं. म्हणून काळ्या मातीत वीतभर उंचवटा करून त्यावर लावायचं. कोकणात जांभ्यावर उलटी तऱ्हा. पाणी थांबतच नाही. तिथे खड्डा मोठा घ्यावा आणि शेणखत, पालापाचोळा सढळ हाताने भरावा.

तिसरी गोष्ट म्हणजे रोप आणायचं कुठून. नर्सरीत जास्वंदाचं साधं रोप चहा आणि दोन-तीन वडापावच्या पैशांत मिळतं. पण बहुतेक बहुवर्षायूंना तेवढेही पैसे लागत नाहीत. जास्वंदाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी डोळ्याच्या खाली तिरपी कापून पावसात खोचली तर बऱ्याचदा फुटते. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबली की तिथे मुळं धरतात, याला दाब कलम म्हणतात. गवती चहाचा गड्डा फोडला की एकाचे पाच होतात. सोनटक्का, कर्दळ, हळद कंदावर येतात. शेवंतीला फुलं संपल्यावर बुडाशी फुटवे येतात, ते वेगळे करून लावतात. तोंडलीच्या वेलीचा तुकडा पुरतो. शास्त्रीय भाषेत हा क्लोन, म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब कॉपी. आणि या कॉपीला केस होत नाही!

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिला उन्हाळा. इथेच नव्वद टक्के लक्ष द्या, बाकी वर्षभर दहा टक्के दिलं तरी चालेल. बुडाशी पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन करा, म्हणजे ओल उडत नाही. आणि एक जुना उपाय आहे, मडक्याचा. रंग न लावलेलं साधं मातीचं मडकं झाडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण ठेवायचं. (झाकण विसरू नका, नाहीतर डासांची फॅक्टरी!) मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपत राहतं. माती कोरडी असली की ती पाणी जास्त ओढते, ओली असली की कमी. म्हणजे सेन्सर नाही, व्हॉल्व्ह नाही, वीज नाही, तरीही फीडबॅक कंट्रोल! इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी मिनी प्रोजेक्टला आर्डुइनो लावून जे दाखवलं ते कुंभार कित्येक पिढ्यांपासून विकतोय. आई तीन-चार दिवसांनी ड्युटीवर जाता जाता मडकं भरते. संपलं काम.

लावायचं काय, हे गावावर अवलंबून आहे. कोकणात, गोव्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे अनंत, सोनटक्का, अबोली, अळू, हळद, कलमी सोनचाफा यांची चैन आहे. सोलापूर-मराठवाड्यात त्याच्या पाव-तृतीयांश पाऊस. तिथे कडीपत्ता, शेवगा, कोरफड, सदाफुली, कोरांटी, बोगनवेल, कण्हेर ही मंडळी निभावून नेतात. सदाफुलीला आपण फार हलक्यात घेतो. मूळची मादागास्करची ही बाई आपल्याकडे नालीच्या कडेलाही फुलते, आणि हिच्यातूनच व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं मिळाली. फ्लॅटवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. मोगरा, गवती चहा, पानओवा, कोरफड हे कुंडीतही वर्षानुवर्षं राहतात. आणि आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते खरं म्हणजे मेक्सिकोकडचं एक निवडुंग आहे. (खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं.) नुसतं पान खोचलं तरी येतं, दुर्लक्ष सहन करतं, आणि पावसाळ्यात एका रात्री फुलून अख्ख्या बिल्डिंगला जागवतं. नाइट मारणाऱ्या हॉस्टेलवाल्यांना याहून जवळचं झाड नाही.

पाण्याचा प्रश्न निघाला की माझा लातूरचा रूममेट गप्प होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. त्याने ते घरी पाहिलं. तो तेव्हा शाळेत होता. तो सांगतो की त्या वर्षी झाडांना पाणी घालायचा विचारच पाप वाटायचा. भांडी विसळलेलं पाणी तेवढं बाहेर जायचं. कुंड्यांतली सगळी रोपं गेली, मोगराही गेला. कडीपत्त्याने पानं झाडून टाकली, नुसत्या काड्या राहिल्या. जूनमध्ये पाऊस झाला आणि त्याच काड्यांना पालवी फुटली. मुळं खोल असण्याचा अर्थ हा असा असतो. बाग ही पाणीवाल्या गावांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दुष्काळी गावाला हंगामी वाफे परवडत नाहीत हे खरंच, म्हणून तर तिथे जुनं, मुरलेलं झाड जास्त मोलाचं. आणि कोबा केला तर पडणारा थोडका पाऊसही गटारात जातो, जमिनीत मुरत नाही, हे वॉटर रिसोर्सेस शिकलेल्यांना मी काय सांगणार!

घरच्या बागेतलं हे तत्त्व मोठ्या शेतीतही शिरतंय. चीनमधल्या युनान विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नेहमीच्या भाताचा आफ्रिकेतल्या एका बहुवर्षायू रानटी भाताशी संकर करून ‘पीआर२३’ नावाचं वाण तयार केलं. २०१८ मध्ये ते शेतकऱ्यांना दिलं गेलं आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदा लावणी करून चार वर्षांत आठ पिकं घेता आली. दुसऱ्या हंगामापासून चिखलणी नाही, रोपं नाहीत, लावणी नाही. म्हणजे मेहनत निम्म्याहून कमी. कंबरभर चिखलात लावणी करणाऱ्या बाईचा वेळ हाही वेळच आहे ना? चार वर्षांनी ते पुन्हा लावावं लागतं, तेव्हा जादू वगैरे काही नाही. पण दिशा तीच आहे, एकदा नीट लावा आणि मग मुळांना काम करू द्या.

आता आक्षेप. व्हायव्हासारखं एकेक घेऊ.

“झाडी वाढली की साप येतात.” येऊ शकतात, खोटं कशाला बोला. म्हणून दाट गड्ड्याची झाडं, म्हणजे गवती चहा, सोनटक्का, अळू, दारापासून आणि वाटेपासून लांब लावावीत, वर्षातून एकदा गड्डे फोडून विरळ करावेत आणि विटा-लाकडांचा ढीग तिथे ठेवू नये.

“मुळं भिंतीत घुसतात.” वड, पिंपळ, उंबर घुसतात. मोगरा-जास्वंद घुसत नाहीत. भिंतीच्या कडेला पिंपळ आपोआप उगवला तर तो लहानपणीच हलवा. मोठं झाड लावायचं तर जागा मोजून लावा. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, वादळात फांदी मोडते, म्हणून शेंगा संपल्या की दरवर्षी छाटावा आणि पत्र्याच्या किंवा वायरीच्या खाली लावूच नये. कण्हेर सगळीच्या सगळी विषारी आहे. घरात रांगतं पोर किंवा दारात जनावर असेल तर ती नको.

“आमची बदलीची नोकरी, क्वार्टर सोडून जायचं, कुणासाठी लावू?” हा प्रश्न स्टाफचा, आणि तो खरा आहे. पण बहुवर्षायू झाड हे असं एकमेव सामान आहे की जे नेताही येतं आणि ठेवताही येतं. गड्डा फोडा, अर्धा घेऊन जा, अर्धा पुढच्यासाठी ठेवा. ट्रकमध्ये जागासुद्धा लागत नाही. आपण ज्या क्वार्टरमध्ये राहायला येतो तिथला कडीपत्ता आपल्या आधीच्या कुणीतरी लावलेला असतो, आणि आपण त्याचं नावसुद्धा न विचारता फोडणीला घालतो!

“आम्ही तर वर्षातून दोनदा घरी जातो.” उत्तम! दोनच फेऱ्यांत बसेल असंच हे काम आहे. जूनच्या सुट्टीत खड्डा आणि लागवड. दिवाळीच्या सुट्टीत तण काढणं, आच्छादन घालणं, मडकं पुरणं. मधल्या काळात फोनवर ‘जेवलास का?’ या प्रश्नाला उत्तर देऊन झालं की पुढे काय बोलायचं हे आपल्याला सुचत नाही, हे मान्य करा. तिथे विचारायचं, “आई, झाडाला नवीन पान आलं का?” पुढची पाच मिनिटं आई बोलते. हा फायदा कुठल्याही बागकामाच्या पुस्तकात दिलेला नाही, पण माझ्या मते तो सगळ्यात मोठा.

आता थोडं आपल्या अंगणाबद्दल. कमिटी येणार असली की कुठल्याही कॉलेजात काय होतं ते जगजाहीर आहे. आदल्या दिवशी टेम्पो येतो, मेन बिल्डिंगच्या पायऱ्यांवर फुललेल्या पेटुनियाच्या कुंड्या मांडल्या जातात, फोटो निघतात आणि आठवड्यात सगळं वाळतं. वृक्षारोपणाचंही तेच. वडा-पिंपळाचं रोप, एक खड्डा, सात पाहुणे, एक झारी. पुढच्या जुलैत तोच खड्डा, नवीन रोप! यात कुणा एकाचा दोष नाही. झाडाचा पहिला उन्हाळा कुणाच्याच नावावर नसतो, हा तो दोष. एप्रिल-मेमध्ये आपण परीक्षेत, मग सुट्टीत, आणि झाड वाऱ्यावर.

म्हणून एक साधा प्रस्ताव मांडतो. मेसच्या मागे जिथे हात धुतलेलं पाणी वाहून जातं तिथे, आणि हॉस्टेलच्या मागच्या कंपाउंडलगत, दरवर्षी फक्त चार बहुवर्षायू झाडं लावायची. कडीपत्ता, शेवगा, जास्वंद, गवती चहा, अशी कामाची. लावायची फर्स्ट इयरने, पण पहिल्या उन्हाळ्यात मडकं भरायची जबाबदारी सुट्टीतही इथेच राहणाऱ्यांची, म्हणजे मेसचे काका, वॉचमन आणि क्वार्टरमधली मंडळी यांची, आणि ती त्यांना विचारून, त्यांचा मान ठेवून. नोटीस काढून नाही. बदल्यात शेंगा आणि पानं आधी त्यांची. एक वही ठेवायची, कोणतं कधी लावलं, कोणतं मेलं, का मेलं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच विश्वासावर, की सामान्य माणूस स्वतः प्रयोग करून, नोंदी ठेवून आणि एकमेकांना सांगून शिकू शकतो. आपण तर दर आठवड्याला जर्नल लिहिणारी माणसं. निदान ही एक वही तरी कुणाची उतरवून काढावी लागणार नाही!

चार वर्षांची डिग्री आणि बहुवर्षायू झाड यांचं गणितही छान जुळतं. फर्स्ट इयरला लावलेला शेवगा सेकंड इयरच्या सांबारात येतो. कडीपत्ता सावकाश वाढतो, तो थर्ड इयरला अंगात येतो. आणि आपण पास होऊन (किंवा एटीकेटी घेऊन) बाहेर पडतो तेव्हा झाडाचा धोक्याचा काळ संपलेला असतो. मग ते कुणाच्याही वेळेवर अवलंबून नसतं.

हंगामी फुलांवर माझा राग नाही. दसऱ्याला झेंडू हवाच, आणि ज्याला हौस आणि सवड आहे त्याने अ‍ॅस्टरचे वाफे जरूर करावेत. माझं म्हणणं सवड नसलेल्यांसाठी आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी. ‘रिटायर झाल्यावर बाग करू’ असं म्हणणारे बरेच भेटतात. पण साठाव्या वर्षी लावलेल्या झाडाची सावली मिळायला पुन्हा दहा वर्षं थांबावं लागतं. जे आत्ता, कामाच्या धबडग्यात, दोन-दोन करून लावतात त्यांना रिटायर होताना तयार बाग मिळते.

तेव्हा यंदा परीक्षा संपवून घरी जाल तेव्हा एवढंच करा. अंगणात कोबा करायचं घाटत असेल तर कंत्राटदाराला सांगून भिंतीकडेची दोन-तीन फुटांची पट्टी मातीची ठेवायला लावा. शेजारच्या काकूंकडे जास्वंदाची फांदी मागा, त्या नाही म्हणणार नाहीत. आजी असेल तर तिला विचारा, आपल्या जुन्या घरी कोणतं झाड होतं. तेच आधी लावा. दुसरं तुमच्या आवडीचं. तिसरं पुढच्या वर्षी!

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलांचे वसतिगृह